हवा संपत नाही तेव्हा: नोयो बंदरातल्या अर्चिन पाणबुड्यांचं प्रकरण

सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेला निघालं की चारेक तासांच्या वळणावळणांच्या रस्त्यानंतर फोर्ट ब्रॅग नावाचं लहानसं गाव लागतं. गावाच्या दक्षिणेला नोयो नदी समुद्राला मिळते. मुखावर उंच पूल, पुलाखाली होड्यांना जेमतेम वाट देणारं चिंचोळं तोंड, आणि आत गेल्यावर मासेमारीचं बंदर. गाव वाढलं ते लाकडावर आणि सामन माशावर. लाकडाची मोठी गिरणी 2002 मध्ये बंद पडली, सामनचा भरवसा त्याआधीच उडालेला. या सगळ्या काळात बंदरातल्या काही होड्या एक वेगळाच माल आणत होत्या: समुद्राच्या तळावरून हाताने वेचलेले काटेरी गोळे. लाल सी अर्चिन, काटेरी कवचातला एक समुद्री जीव.

या धंद्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण शार्कपासून सुरुवात करतात. शार्क आहेतच, त्यांच्याकडे येऊ. पण मला या प्रकरणात एका साध्या रबरी नळीत जास्त रस आहे. इथे माणसाचा जीव कशामुळे धोक्यात येतो, आणि धंदा कशामुळे बुडाला, या दोन प्रश्नांची उत्तरं मी आधी वेगवेगळी समजत होतो. ती त्या नळीत एकत्र येतात.

नळीच्या दोन टोकांना

होडी लहान असते, माणसं दोन किंवा तीन. डेकवर इंजिनावर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर, त्याला जोडलेली साठवण टाकी, गाळणी, आणि तिथून निघणारी शेकडो फूट लांब नळी. नळीचं दुसरं टोक पाणबुड्याच्या तोंडात. या व्यवस्थेला तिथे ‘हुका’च म्हणतात. आपल्या हुक्क्यावरून आलेलं नाव, फक्त इथे ओढायची ती हवा. पाणबुड्याच्या अंगावर जाड रबरी पोशाख, कमरेला शिशाची वजनं, एका हातात छोटा दाताळ्यासारखा पंजा आणि सोबत जाळीची मोठी पिशवी. पाणी वर्षभर थंड, बऱ्याचदा 10-12 अंश. खडकाच्या कडेला चिकटलेला अर्चिन पंज्याने उचकटायचा, पिशवीत ढकलायचा, पुढच्याकडे सरकायचं. भरलेली पिशवी एकट्या माणसाला उचलत नाही. ती हवेच्या फुग्याने वर पाठवतात किंवा होडीवरच्या यारीने ओढून घेतात.

वर राहणाऱ्याला ‘टेंडर’ म्हणतात. तो नळी सोडतो, आवरतो, गुंता होऊ देत नाही, लाट फिरली तर होडी सांभाळतो, कॉम्प्रेसरचा आवाज कान देऊन ऐकत राहतो. खालच्या माणसाचा श्वास त्याच्या हातात असतो. वाऱ्याची दिशा बदलून इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आला, तर कार्बन मोनॉक्साइड थेट नळीत जातो. त्याला वास नसतो. खालच्याला डोकं जड वाटतं, मग काहीच वाटत नाही. नळी स्वतःच्या किंवा दुसऱ्या होडीच्या पंख्यात सापडणं, खडकाच्या फटीत अडकणं, कॉम्प्रेसर अचानक बंद पडणं, हे सगळं ओळखीचं. कॉम्प्रेसर थांबला तर टाकीत उरलेल्या हवेवर वर यायला थोडा अवधी मिळतो, आणि बरेच जण पाठीवर एक छोटी बाटलीही ठेवतात.

काट्यांचं दुखणं किरकोळ समजलं जातं, तसं ते नसतं. हातमोज्यातून घुसलेला काटा मोडतो, सांध्यात राहिला की सांधा सुजतो आणि महिनोन्‌महिने बोट वळत नाही. ज्याचं पोट बोटांवर आहे त्याला हे परवडणारं नाही.

आता नळीचा खरा गुण, जो तिचा दोषही आहे: तिच्यातली हवा संपत नाही.

पाठीवर सिलिंडर लावून उतरणाऱ्याला सिलिंडर आठवण करून देतो. हवेच्या मापकाचा काटा खाली आला की वर यावंच लागतं. कोकणात आणि गोव्यात खडकांवरचे शिनाणे (शिंपल्यांची एक जात) काढायला दम धरून बुडी मारतात, तिथे तर दम हेच घड्याळ असतं. हुक्यावरच्या माणसाला असं घड्याळ नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत पेट्रोल आहे तोवर तो खाली राहू शकतो, आणि माल वजनावर विकायचा असल्यामुळे राहावंसं वाटतं.

पण शरीराचं घड्याळ चालूच असतं. दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. तो बाहेर पडायला वेळ न देता वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. सांध्यात झाले तर असह्य दुखणं, पाठीच्या कण्यात झाले तर पाय जातात. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यात, वाटेत न थांबता सरळ वर येता येईल अशा वेळेची मर्यादा दिली होती: 40 फुटांवर 200 मिनिटं, 50 फुटांवर 100, 60 फुटांवर 60, आणि 100 फुटांवर फक्त 25. हे आकडे नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. 40 वरून 60 फुटांवर गेलं, म्हणजे साधारण दोन मजले खाली, की वेळ 200 मिनिटांवरून 60 वर येते. आणि हे दिवसातल्या एकाच बुडीचं गणित. जेवून पुन्हा उतरलं तर आधीचा शिल्लक नायट्रोजन हिशेबात धरावा लागतो. अर्चिनचा पाणबुड्या दिवसात अनेकदा उतरतो.

लगेच न दिसणारी झीजही आहे. वर्षानुवर्षं दाबाखाली काम करणाऱ्यांच्या खांद्याच्या आणि खुब्याच्या हाडांचे काही भाग रक्तपुरवठ्याअभावी मरतात. पाणबुडे आणि दाबाच्या बोगद्यांत काम करणारे मजूर, दोघांतही हा आजार वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पन्नाशीत खुबा बदलावा लागलेला माणूस त्याचं कारण सांगताना एखाद्या विशिष्ट दिवसाकडे बोट दाखवू शकत नाही.

यातले बहुतेक पाणबुडे कोणाचे पगारी नोकर नसतात. होडी स्वतःची, नाहीतर वाट्यावर काम. तेल कंपन्यांच्या पाणबुड्यांमागे पर्यवेक्षक, नोंदवह्या आणि डेकवरच दाबाची कोठडी असते. इथे पर्यवेक्षक म्हणजे टेंडर आणि नोंदवही म्हणजे मनगटावरचं यंत्र. दक्षिण कॅलिफोर्नियात कॅटलिना बेटावर अशा अपघातांसाठी दाबकोठडी 1970 च्या दशकापासून आहे. फोर्ट ब्रॅगच्या माणसाला मात्र आधी डोंगरातला तो वळणांचा रस्ता किंवा हेलिकॉप्टर गाठावं लागतं.

उपद्रवापासून उनीपर्यंत

1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कॅलिफोर्नियात अर्चिन म्हणजे कीड होती. केल्प, म्हणजे पाण्याखाली जंगलासारखं उभं राहणारं तपकिरी शैवाल, कापून विकणाऱ्या कंपन्या होत्या आणि अर्चिन ते केल्प मुळापाशी कुरतडत. म्हणून त्यांच्यावर चुनकळी टाकली जाई, हातोड्यांनी ते फोडले जात. मग कमी वापरल्या जाणाऱ्या समुद्री जिवांची मासेमारी वाढवायच्या सरकारी प्रयत्नांतून हा माल जपानकडे जाऊ लागला. अर्चिनच्या कवचात जिभेच्या आकाराच्या पाच पिवळ्या फोडी असतात. त्या त्याच्या प्रजननग्रंथी, नराच्याही आणि मादीच्याही. जपानीत त्यांना ‘उनी’ म्हणतात. कवच फोडून त्या चमच्याने अलगद काढायच्या, खाऱ्या पाण्यात धुवायच्या, विरघळू नयेत म्हणून तुरटीच्या पाण्यात घालायच्या आणि लाकडी तबकात रांगेने मांडायच्या. भाव ठरतो रंगावर, घट्टपणावर आणि कवचाच्या वजनात फोडी किती भरल्या त्यावर. भडक पिवळा पहिल्या प्रतीचा, तपकिरी झाला की किंमत गडगडते.

दक्षिणेत 1981 साली सुमारे 11,300 टन माल निघाला. उत्तरेत, म्हणजे नोयोच्या बाजूला, धंदा 1985 मध्ये सुरू झाला. त्या वर्षी साधारण 860 टन, आणि 1988 मध्ये 13,800 टन. तीन वर्षांत सोळा पट. राज्याचा एकूण आकडा त्या वर्षी 23,000 टनांच्या पुढे गेला, आणि पुन्हा कधीच तिथे पोहोचला नाही.

या उसळीमागे नुसता नवा समुद्र नव्हता. 1985 च्या सप्टेंबरात डॉलर खाली आणण्याचा मोठ्या देशांचा प्लाझा करार झाला आणि येन वधारत गेला. डॉलरला 240 च्या आसपास असलेला येन 1988 पर्यंत सव्वाशेच्या आसपास आला. टोकियोच्या खरेदीदाराला अमेरिकी माल जवळजवळ निम्म्या किमतीत पडू लागला. नोयोच्या गर्दीचा येनशी संबंध मी माझ्या अंदाजाने जोडतो आहे, पण तारखा इतक्या जुळतात की तो टाळणं मला जमत नाही.

त्या मालाचं वय किती होतं हे नंतर कळलं. 1950 च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे समुद्रात जास्तीचा कार्बन-14 मिसळला आणि त्या सुमारास वाढणाऱ्या अर्चिनच्या कवचात त्याची खूण राहिली. ती मोजून शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवलं की लाल अर्चिन शंभर वर्षं सहज जगू शकतो. म्हणजे 1985 ते 88 मध्ये तळावरून जे उचललं, त्यात पाणबुड्यांच्या आज्याच्या वयाचे जीव होते. ते दरवर्षीचं पीक नव्हतं. कित्येक पिढ्यांचं साठलेलं मुद्दल तीन हंगामांत उचललं गेलं, आणि नवखे पाणबुडे तेच रोजचं उत्पन्न समजून होडीचे हप्ते बांधून बसले.

नियम आले, पण वरात गेल्यावर. 1987 मध्ये नवे परवाने थांबवले, पुढे संख्या मर्यादित केली, किमान आकार ठरवला: उत्तरेत साडेतीन इंच, दक्षिणेत सव्वातीन. धंदा लहान होऊन स्थिरावला. तोवर उथळ, सोपे खडक रिकामे झाले होते. सहाजिकच माणूस थोडा पुढे जातो, थोडा खाली जातो. चांगला भाव मिळतो तो डिसेंबरात, जपानच्या नववर्षाच्या तोंडावर. उत्तर कॅलिफोर्नियात नेमका तेव्हाच समुद्र सगळ्यात वाईट असतो.

शार्क

पांढरे शार्क या किनाऱ्यावर आहेत आणि ते पाणबुड्यांच्या डोक्यात कायम असतात. 1994 च्या डिसेंबरात दक्षिणेकडे सॅन मिगेल बेटापाशी अर्चिनचा एक पाणबुड्या हल्ल्यात दगावला. 2004 च्या ऑगस्टमध्ये फोर्ट ब्रॅगच्या उत्तरेला अबलोनी काढणारा एक जण गेला. अबलोनी म्हणजे शिंपल्यासारखं कवच असलेली मोठी गोगलगाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला ती दम धरूनच काढायची असा नियम होता, म्हणजे पृष्ठभाग आणि तळ यांच्यात सतत ये-जा. पांढरा शार्क सीलवर खालून वर झडप घालतो. म्हणून अर्चिनवाल्यांचा शिरस्ता असा: सरळ तळाला जा, तळाला चिकटून राहा, मधल्या पाण्यात रेंगाळू नका. केल्पच्या दाट देठांमध्ये काम करताना त्यांना बरं वाटे.

एवढं सांगून मी शार्कचा विषय सोडतो. त्याची भीती खरी, पण तो कोणाला जास्त वेळ खाली थांबायला लावत नाही.

जंगल नाहीसं झालं

उत्तर कॅलिफोर्नियातलं मुख्य केल्प म्हणजे बुल केल्प. एक लांब दोरीसारखा देठ, टोकाला हवेचा फुगा, फुग्यावर पानांचा झुपका. आपली पूर्ण उंची ते एका वर्षात गाठतं आणि बहुतेक हिवाळ्यात मरतं. दरवर्षी बीजाणूंपासून नवी सुरुवात. (त्या फुग्यात काही टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. पाणबुड्याच्या नळीत ज्या वायूने मृत्यू येतो, त्याच वायूवर त्याचं जंगल तरंगत असतं. मला हे वाचल्यापासून विसरता आलेलं नाही.)

2013 पासून तारामाशांना एक रोग लागला. अंग विरघळून ते गळून पडू लागले. वीसेक भुजांचा मोठा सूर्यफूल तारामासा या किनाऱ्यावरून जवळजवळ पुसला गेला. अर्चिन खाणारा दुसरा मोठा प्राणी, समुद्री ऊद, इथे फर व्यापाऱ्यांनी कधीच संपवला होता. दक्षिणेत निदान काटेरी लॉबस्टर आणि शीपहेड मासा अर्चिन खातात. उत्तरेत तारामाशाला पर्यायच नव्हता. पाठोपाठ 2014 ते 2016 समुद्र तापला. थंड, पोषक पाणी खालून वर येईना, केल्प वाढेना. आणि बंद फटींमध्ये बसून वाहत आलेला पाला खाणारे जांभळे अर्चिन भुकेपोटी बाहेर पडून उभं केल्प खाऊ लागले. त्यांची संख्या साठ पटींच्या घरात वाढली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे 350 किलोमीटर किनाऱ्यावरचं नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प गेलं. अबलोनी उपाशी मेल्या. 2018 मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद झाली, ती बंदी आधी 2021 आणि मग 2026 पर्यंत लांबली.

लाल अर्चिन मात्र मेला नाही, आणि पाणबुड्यासाठी हेच जास्त वाईट ठरलं. अर्चिन उपाशीपोटी वर्षानुवर्षं तग धरतो. स्वतःच्या ग्रंथी जिरवतो, कवच तसंच ठेवतो. बाहेरून बघायला ऐटबाज साडेचार इंची जीव. फोडला तर आत पाणी आणि तपकिरी दोरे.

गणित कसं फिरलं

आता एका काल्पनिक पाणबुड्याचा दिवस घेऊ. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. चांगल्या काळात तो 40 फुटांवर तीन तासांत आपला दिवसाचा माल गोळा करतो. एकच बुडी मानली तर 180 मिनिटं, मर्यादा 200. निसटता का होईना, पण आत. आता केल्प गेलं. त्याच खडकावरचे अर्चिन अर्धे भरलेले, म्हणून खरेदीदार भाव निम्मा करतो. होडीचा हप्ता, पेट्रोल, टेंडरचा वाटा यांतलं काहीच निम्मं होत नाही. तेवढ्याच पैशांसाठी दुप्पट माल हवा, म्हणजे सहा तास. 40 फुटांच्या मर्यादेच्या तो जवळजवळ दीड-दोन पट बाहेर गेला.

नाहीतर दुसरा रस्ता: अजून केल्पचा पाला वाहत येतो अशा खोल कपारी शोधायच्या, 60 किंवा 70 फुटांवर. तिथे माल बरा, पण वेळ तासाभराची. पहिली पिशवी भरते न भरते तोच तक्ता म्हणतो वर या. आणि नळीत हवा आहे.

तिसरा रस्ता लांबच्या खडकांवर जायचा, ज्या दिवशी समुद्र जाऊ देईल त्या दिवशी, आणि कधी जाऊ देत नसेल त्याही दिवशी.

या तिन्हींतला कोणता किती जणांनी पत्करला याची मोजदाद मी करू शकत नाही. पण धंद्याची रचना बघता चौथा रस्ता एकच होता, नोयोत होडी बांधून ठेवायची. तारामाशाचा रोग, तापलेलं पाणी, टोकियोचा रंगाचा आग्रह, या सगळ्यांचा हिशेब शेवटी मिनिटं आणि फूट यांत होतो, आणि तो एका माणसाच्या सांध्यांत लिहिला जातो. अपघाताच्या नोंदीत कारण म्हणून लिहिलं जातं ‘जास्त वेळ पाण्याखाली’. जास्त वेळ का, हा रकाना त्या फॉर्मवर नसतो. सुरक्षेच्या प्रशिक्षणात सांगतात तक्ता पाळा, एकटे उतरू नका, धुराकडे लक्ष द्या. सगळं बरोबर. पण निम्म्या भावाच्या अर्चिनवर तक्ता पाळून घर कसं चालवायचं हे कोणी सांगत नाही.

माझं मत विचाराल तर, परवाने आणि आकार यांच्या जोडीला कुठल्या खडकावर फोडी किती भरल्या आहेत याची मोसमाआधी तपासणी करून रिकामे खडक जाहीर करणं, हा पाणबुड्यांच्या आरोग्याचाही उपाय ठरला असता. अनुभवी पाणबुडा हे स्वतः करतोच. खाली गेल्या गेल्या दोन-चार अर्चिन फोडून बघतो आणि नसेल तर जागा बदलतो. पण प्रत्येकाने प्रत्येक खडकावर उतरून ते पुन्हा पुन्हा बघायचं, म्हणजे त्या तपासणीचा नायट्रोजनही प्रत्येकाने वेगळा सोसायचा.

नंतर

उत्तरेतला धंदा जवळजवळ थांबला. 2019 मध्ये केंद्र सरकारने 2016 आणि 2017 च्या हंगामांसाठी लाल अर्चिनच्या मासेमारीची अधिकृत आपत्ती मान्य केली. मान्यता आली तोवर त्या हंगामांना दोन-तीन वर्षं उलटून गेली होती. परवाना राज्यभर चालतो, त्यामुळे ज्याला जमेल त्याला सँटा बार्बराकडच्या बेटांचा रस्ता मोकळा होता. घर, मुलांची शाळा आणि जुनी होडी नोयोत असलेल्याला तो तितकासा मोकळा नव्हता.

2020 च्या उन्हाळ्यात एक वेगळं काम आलं. रीफ चेक या संस्थेने सार्वजनिक निधीतून व्यावसायिक अर्चिन पाणबुड्यांना नोयोच्या उपसागरात जांभळे अर्चिन काढायला लावलं, पुढे दक्षिणेला ॲल्बियनलाही. लक्ष्य होतं दर चौरस मीटरला दोनपेक्षा कमी अर्चिन, म्हणजे केल्पला उगवायला जागा मिळेल. 2021 मध्ये पाणी थंड झालं आणि किनाऱ्यावर काही ठिकाणी बुल केल्प दिसू लागलं. त्यातलं किती थंड पाण्याचं आणि किती पंज्यांचं श्रेय, हा वाद शास्त्रज्ञांवर सोडू.

होडी तीच, कॉम्प्रेसर तोच, नळी तीच. पण काम बंदराच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, आणि काढलेल्या अर्चिनच्या आत काय आहे याच्याशी मोबदल्याचा संबंध नाही. पिशवीत जाणारा प्रत्येक जीव रिकामा आहे हे पाणबुड्याला आधीच माहीत असतं. तो एकही फोडून बघत नाही.